चंबळच्या घळींत सी:जिओ: वर चोख, खाली डळमळीत

आग्रा रस्त्याने मुरैना ओलांडून चंबळच्या बिहडात, म्हणजे मातीच्या घळींच्या प्रदेशात, जिओकॅशिंग (जीपीएसने लपवलेले डबे, म्हणजे ‘कॅश’, शोधायचा खेळ) करायचं, तर अँड्रॉइडवरचं सी:जिओ हे फुकट अ‍ॅप पुरेसं आहे. आयफोनवर ते चालत नाही.

रेंजच्या भरवशावर राहू नका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून निघण्याआधीच, घरच्या वाय-फायवर कॅश यादीत साठवा आणि ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. कॅशचे अक्षांश-रेखांश मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत असतात. अक्षांशात शेवटचा आकडा एकाने चुकला तर फरक १.८५ मीटर, पहिला दशांश चुकला तर १८५ मीटर, म्हणजे थेट भलत्याच घळीत.

खरी अडचण मातीच्या उभ्या भिंतींची. आकाशाची चिंचोळी पट्टी उरते, उपग्रह कमी दिसतात आणि अ‍ॅपमधला दिशेचा बाण भिरभिरायला लागतो. तेव्हा अंतराच्या आकड्यामागे पळू नका. घळीच्या काठावर चढा, मिनिटभर थांबा, दिशा धरा, मग उतरा. फोन चुंबकाच्या कव्हरमध्ये असेल तर होकायंत्र वेड्यासारखं वागतं. दोष अ‍ॅपला देऊ नये.

अ‍ॅप पक्ष्यांबद्दल काहीच सांगत नाही, ते तुम्हालाच बघावं लागतं. भिंतीतलं लहानसं भोक डबा लपवायची जागा वाटते, पण ते वेड्या राघूचं बीळ असू शकतं. हात घालू नका. मार्च ते जून वाळूच्या बेटांवर पाणचिरा अंडी घालतो, तिकडे पाऊलही नको. चंबळ अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय डबा ठेवू नये. तिथे बिनडब्याची अर्थकॅशच (जागेची भूरचना बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची कॅश) बरी, पावसात वाहूनही जात नाही.