सन यत्-सेन की पांडा? चिनी चांदीची स्मारक नाणी घेण्याआधी

चिनी चांदीच्या नाण्यांकडे वळलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक वाट १९१२ नंतरच्या प्रजासत्ताकातल्या स्मारक डॉलरची, दुसरी १९८३ पासून निघणाऱ्या, पांडाचं चित्र असलेल्या चांदीच्या नाण्यांची, म्हणजे ‘पांडा’ची. व्यासात दोन्ही जवळपास सारखी, ३९-४० मिलिमीटरची. भाव मात्र अगदी वेगवेगळ्या कारणांनी चढतात. दोन्हींत पैसे घालून बसल्यावर मी आता एकच हिशेब आधी मांडतो: पारख चुकलीच, तर हातात काय उरेल?

जुन्यांतलं सगळ्यांच्या ओळखीचं नाणं म्हणजे सन यत्-सेन यांचा डॉलर. प्रजासत्ताकाच्या जन्माची आठवण म्हणून तो पहिल्यांदा १९१२ मध्ये निघाला. १९२७ मध्ये, क्वोमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षाचं सैन्य उत्तरेकडे सरकत असताना, सन यत्-सेन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या युआन शिकाईचा चेहरा नाण्यावर नको म्हणून हाच डॉलर पुन्हा पाडायला घेतला आणि मग तो अफाट संख्येने निघाला. दोन्हींवर मजकूर तोच, चेहरा तोच. फरक मागच्या बाजूच्या चांदण्यांत. १९१२ च्या नाण्यावर पाच टोकांच्या, १९२७ च्या नाण्यावर सहा टोकांच्या. त्या एका टोकावर किंमत कित्येक पटींनी बदलते. विकणारा ‘१९१२ चं आहे’ म्हणाला की भिंग काढून चांदणी मोजायची, मग पुढचं बोलणं.

माझं आवडतं नाणं मात्र ग्वीझोऊ प्रांताचा १९२८ चा मोटारवाला डॉलर. प्रांतात मोटारीचा रस्ता झाला त्याची ही आठवण. नाण्यावर पुढाऱ्याच्या चेहऱ्याऐवजी चक्क मोटारगाडी! चाकांखालच्या गवताच्या पात्यांत प्रांतप्रमुख झोऊ शीचेंग याच्या नावाची अक्षरं दडवली आहेत, असं संग्राहक सांगतात. पाती मोजून प्रकार ठरतात आणि प्रकारावर भाव. ठसा बऱ्याचदा पुसट उमटलेला असतो. त्यामुळे झिजलेलं नाणं कोणतं आणि मुळातच दबका ठसा बसलेलं कोणतं, हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. तो पुस्तकातून तयार होत नाही, दहा-वीस अस्सल नाणी हाताळावी लागतात. भारतात बसून ती मिळणार कुठे? जुन्या वाटेची खरी अडचण ही.

कारण या नाण्यांच्या नकला डोंगरभर आहेत. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी युआन शिकाईचा, म्हणजे ‘फॅट मॅन’चा, एक डॉलर दोन हजारांना घेतला. आवाज खणखणीत, रंग छान काळपट. घरी येऊन पाण्यात तोलला तेव्हा कळलं. ही परीक्षा सोपी आहे, सराफी काट्यावर कोणीही करू शकतो. डॉलरचं वजन २६.७ ते २६.८ ग्रॅमच्या आसपास, चांदीचा कस सुमारे ८९० चा, म्हणजे हजारात ८९० भाग चांदी. दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत ठेवला की त्याचं वजन २.६ ग्रॅमच्या आसपास घटायला हवं. तांबं-निकेलचा किंवा पितळेचा असेल तर घट तीन ग्रॅमवर जाते. माझा ३.१ ने घटला. दोन हजार गेले आणि हातात पितळेचा बिल्ला उरला. नक्कल खऱ्या चांदीत पाडलेली असेल तर ही परीक्षाही फसते, तिथे कडेच्या खाचा आणि अक्षरांची वळणं पाहणारा जाणकारच लागतो.

शिवाय आपली एक सवय आडवी येते. चांदी काळी पडली की देवाच्या भांड्यांसारखी घासून लखलखीत करायची. जुन्या डॉलरवर हा प्रयोग केला की किंमत गेलीच. एनजीसी आणि पीसीजीएस या कंपन्या ग्रेडिंग करतात, म्हणजे नाणं तपासून त्याला सत्तरपैकी आकडा देतात आणि डबीत बंद करतात. अशा नाण्याला त्या आकडाच देत नाहीत, घासलेलं असल्याचा शेरा मारतात आणि तो शेरा नाण्याला कायमचा चिकटतो.

आता पांडा. १९८३, १९८४ आणि १९८५ ची चांदीची नाणी २७ ग्रॅमची, ९०० कसाची, प्रूफ (म्हणजे संग्राहकांसाठी खास लखलखीत पाडलेली), आणि दर वर्षी फक्त १०,०००. दुर्मीळ म्हणावीत ती हीच. १९८९ पासून एक औंसाची (३१.१ ग्रॅमची) ९९९ कसाची नाणी सुरू झाली. त्या वर्षी अडीच लाख होती. २०१२ मध्ये कमाल संख्या ८० लाखांवर गेली. म्हणून २०१० नंतरचा पांडा दुर्मीळ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा, त्यात चांदीचा भाव आणि वर थोडी हौस एवढंच असतं. २०१६ पासून तर औंसाच्या जागी ३० ग्रॅम आले.

गंमत मधल्या वर्षांत आहे. १९९० च्या दशकातल्या अनेक पांडांवर सालाचे आकडे दोन आकारांत सापडतात, मोठे आणि बारीक, कारण नाणी एकापेक्षा जास्त टाकसाळींत पाडली गेली. २००० सालच्या नाण्यावर बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या चित्राभोवतीचं कडं काहींत धुरकट, काहींत आरशासारखं. चित्र दर वर्षी बदलायचं ते २००२ मध्ये २००१ चंच ठेवलं, संग्राहक नाराज झाले आणि २००३ पासून पुन्हा नवं चित्र आलं. इथे अभ्यास आहे, पण तो घरात बसून, फोटो पाहून जमतो. चीनी लिपी येत नसली तरी अडत नाही.

पांडाचं दुखणं वेगळं: पांढरे डाग. दुधाचा थेंब सुकल्यासारखे ते उमटतात आणि भाव पाडतात. टाकसाळीचं मूळ प्लास्टिकचं पाकीट फोडलेलं असेल तरीही गिऱ्हाईक नाक मुरडतं. नकली पांडाही बाजारात आहेत, पण एक औंसाच्या अस्सल नाण्याची पाण्यातली घट २.९६ ग्रॅम, आणि सगळी अक्षरं, केस, बांबूची पानं इतकी रेखीव असतात की शेजारी एक अस्सल नाणं ठेवलं की बहुतेक नकला उघड्या पडतात. ते एक अस्सल नाणं आधी विश्वासाच्या माणसाकडून घ्यायचं.

दोन्ही वाटांवर परदेशातून मागवताना कस्टम्सचा खर्च आधी विचारून घ्या. आणि जुन्यांबाबत एक गोष्ट आपल्याकडे फार जण विसरतात: शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते उद्या परदेशी लिलावाला पाठवायचं म्हटलं तर परवानगीशिवाय हलत नाही. १९१२ चा डॉलर त्यात कधीच बसला. पांडाला ही कटकट नाही.

हाताशी जाणकार नसेल तर मी सरळ १९९० च्या दशकातले पांडा सुचवीन, चार-पाच, वेगवेगळ्या वर्षांचे, डाग नसलेले. चूक झाली तर वरचा भाव बुडेल, एक औंस चांदी उरेल. १९८३ चा पांडा मात्र ग्रेडिंगच्या बंद डबीतच घ्या, आणि डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा, कारण डब्याही नकली निघतात. जुन्याचा मोह आवरत नसेल तर पहिला डॉलर सहा टोकांच्या चांदणीचा, १९२७ चा, तोही डबीबंद. मोटारवाला नंतर.

आणि चीनशी नातं सांगणारं पण घराजवळचं काही हवं असेल तर ब्रिटिश ट्रेड डॉलर बघा. स्मारक नाणं नाही ते, पण १८९५ पासून पूर्वेच्या व्यापारासाठी आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडलेलं. मागे चिनी अक्षरं, पुढे ब्रिटानिया ही ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, आणि तिच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर मुंबईचा बारीकसा ‘बी’. भिंग लागतंच. पाण्यात तोलायला विसरू नका, नकला याच्याही आहेत.