मॅट्रिजेल: दोन वर्षं रोज हाताळल्यावर

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. त्या ऊतीपासून ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे अवयवासारखे इवले गोळे, वाढवायला मी मॅट्रिजेल हे पेशींना आधार देणारं जेल वापरते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदराला पाळीच येत नाही. त्याच्यात हा आजार आपसूक होत नाही, गर्भाशयाचं अस्तर पोटात रुजवून तो घडवावा लागतो. माझ्या ताईनं पोट धरून काढलेली वर्षं मी पाहिलीत, म्हणून माणसाच्याच पेशी वाढताना पाहणं मला फार मोलाचं वाटतं. 2019 मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेनमधल्या गटानं रुग्णांच्या ऊतीपासून असे ऑर्गनॉइड वाढवून दाखवले, तेही याच जेलमध्ये.

हाताळणी मात्र नाजूक. रात्रभर 4 अंशांवर बर्फात वितळवायचं, पिपेटच्या टिपासुद्धा आधी गार करून ठेवायच्या. 10 अंशांच्या वर गेलं की थिजायला लागतं. एकदा कुरिअरवाल्यानं खोका दुपारभर गेटवरच ठेवला, अख्खी बाटली फुकट गेली. नीट जमलं तर 37 अंशांवर थेंबाचा इवला घुमट होतो आणि काही दिवसांनी त्यात पोकळ, काचेच्या मण्यांसारखे गोळे दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी ताईला फोन केला होता.

उणिवा आहेत. जेल उंदराच्या गाठीपासून काढलेलं, त्यामुळे प्रत्येक लॉट (उत्पादनाची खेप) थोडा वेगळा. शिवाय या गोळ्यांत अस्तरातल्या फक्त एपिथेलियल (पृष्ठभागाच्या आणि ग्रंथींच्या) पेशी असतात. रक्तवाहिन्या, नसा, प्रतिकारपेशी नाहीत. वेदनेचा अभ्यास यातून होणार नाही. महाग आहे, तरी घ्या. मात्र एका अख्ख्या प्रयोगमालिकेला पुरेल इतकं जेल एकाच लॉटमधलं मागवा.