केगमधली हवा काढायला नायट्रोजन की कार्बन डायऑक्साइड?

बिअर भरण्याआधी केगमधला, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातला, ऑक्सिजन घालवायचा, एवढंच दोन्ही वायूंचं काम. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. तो तळाशी चादरीसारखा पसरून हवा वर ढकलतो असं सांगतात, पण जोरात सोडला की दोन्ही मिसळतातच. नायट्रोजन हवेपेक्षा किंचित हलका, त्यामुळे त्याच्याबाबतीत चादरीची आशाच नको. दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा. गेजवर (दाबमापकावर) 2 बार, म्हणजे वातावरणाचा दाब धरून एकूण 3 बार, दाब देऊन सोडला की ऑक्सिजन दर वेळी तिसऱ्या हिश्श्यावर येतो: 21 टक्क्यांवरून 7, मग 2.3, मग 0.8. हे गणित दोन्ही वायूंना सारखंच लागू! त्याहून उत्तम म्हणजे केग सॅनिटायझरने (जंतुनाशक द्रावणाने) काठोकाठ भरून वायूने रिकामा करणं.

नायट्रोजनची खरी बाजू धुताना कळते. कॉस्टिक, म्हणजे केग धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण, कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं; वायूही वाया, कॉस्टिकही. नायट्रोजनला त्याचं काही नाही, शिवाय तो जनरेटरने हवेतूनच मिळवता येतो. मात्र 99.9 टक्के शुद्धतेतही 1000 पीपीएम (दहा लाखांत 1000 भाग) ऑक्सिजन उरू शकतो, हे विसरू नका.

माझं मत: धुताना आणि हवा काढताना नायट्रोजन, भरण्याआधीचा शेवटचा दाब कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे बिअरमधला फसफसाट टिकतो. गुदमरण्याचा धोका दोन्हींत आहे, आणि नायट्रोजनची तर चाहूलही लागत नाही. ऑक्सिजन अलार्म लावाच.