फुलांचे लँडस्केप, ऑइलमधे: वर्षभर केलेल्या क्लासबद्दल

वर्ष पूर्ण झालं म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि सप्टेंबरमधे लिहिलं असतं तर नुसती तक्रार, आता दोन्ही बाजू डोक्यात नीट बसल्यात.

कोथरूडला सरांचा स्टुडिओ आहे, एक रविवार आड क्लास आणि वर्षात चार ट्रिपा. मार्चमधे भोर रस्त्याला पळस, मेमधे पुण्यातच बहावा आणि ताम्हण, सप्टेंबरमधे कास पठार, डिसेंबरमधे पुरंदरकडे शेवंतीची शेतं. फी २८,००० आणि किटचे ६,५०० वेगळे, ट्रिपचा प्रवास आणि राहणं पण वेगळं, हे सगळं आधी स्पष्ट सांगतात, त्यात काही लपवालपवी नाही. मी बँकेत आहे, शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, नंतर पंचवीस वर्षं ब्रशला हात नाही, आणि ऑइल तर कधीच केलं नव्हतं. म्हणजे साधारण माझ्यासारख्यांसाठीच हे लिहितेय. ज्यांचं आर्ट स्कूल झालंय त्यांना सुरुवातीचे तीन-चार रविवार कंटाळवाणे वाटतील.

सुरुवातीचे तीन-चार रविवार म्हणजे फक्त हिरवा. खरंच फक्त हिरवा. फुलं काढायला आलेली माणसं आणि सर सांगतायत की ट्यूबमधला सॅप ग्रीन बाजूला ठेवा, अल्ट्रामरीन निळा आणि लेमन यलो घ्या आणि वीस वेगवेगळे हिरवे करून दाखवा, प्रत्येकात चिमूटभर लाल टाकून तो शांत कसा होतो ते बघा. तेव्हा माझी चिडचिड झाली होती, घरी येऊन नवऱ्याला म्हटलं पण की एवढे पैसे हिरव्या चौकोनांसाठी भरलेत का. पण फुलांच्या लँडस्केपमधे नव्वद टक्के जागा फुलांची नसतेच हो. पान, गवत, माती, आभाळ, लांबचा डोंगर, आणि हे सगळं त्या ऋतूचं असेल तरच फूल त्या ऋतूचं दिसतं. मार्चचं गवत आणि सप्टेंबरचं गवत एकाच हिरव्यात काढलं तर वर पळस काढा नाहीतर तेरडा काढा, चित्र कॅलेंडरसारखंच दिसणार. या एका गोष्टीसाठी मी हा क्लास कुणालाही सुचवेन.

मार्चची ट्रिप. पळस तेव्हा पूर्ण बिनपानांचा असतो, खोड राखाडी, फांद्या वेड्यावाकड्या आणि वर तो केशरी. फुलाच्या बुडाशी काळपट तपकिरी मखमलीसारखी टोपी असते ती जवळ गेल्यावरच कळते, मी जन्मभर पळस बघितलाय आणि हे कधी बघितलंच नव्हतं. मी सरळ ट्यूबमधून केशरी काढून लावत सुटले आणि जितका जास्त लावला तितका तो मेला. सर आले, म्हणाले, "ताई, केशरीला हात लावू नका आता, मागचा डोंगर करडा करा." मग डोंगर निळसर करडा केला, वाळलेल्या गवतातला पिवळेपणा कमी केला, आणि तोच केशरी, काहीही न बदलता, पेटल्यासारखा झाला. त्या दिवशी मला खरंच भरून आलं होतं. घरी येताना गाडीत कुणाशी बोलले नाही मी.

तिथेच सरांनी व्हॅन गॉगचं सांगितलं, की १८८८ च्या वसंतात तो फ्रान्समधे आर्ल्सला फुललेल्या फळबागांची चित्रं एकामागून एक करत होता, कारण बहर टिकतो किती दिवस, हातातून जायच्या आत घ्यायचा. आणि ही उघड्यावर ऑइल करायची सोयच मुळात धातूच्या ट्यूबमुळे झाली, ती १८४१ ची, त्याआधी रंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. अशा गोष्टी सर काम चालू असतानाच सांगतात, वेगळं लेक्चर नाही, ते मला फार आवडलं.

मे महिना मात्र जरा वाया गेल्यासारखा वाटला. बहावा सुंदरच, पिवळे झुंबर लोंबतात, ताम्हणाचा जांभळा बाजूला, पण शहरात फुटपाथवर एकोणीस माणसं इझल, म्हणजे चित्राचं तिपायी स्टँड, लावून उभी म्हणजे गर्दी जमणारच, सकाळी साडेसहाला सुरू करून नवाला उन्हामुळे आवरावं लागलं. एकच गोष्ट कायमची शिकले, पिवळ्याची सावली काळा घालून करायची नाही, काळा आणि पिवळा मिळून शेवाळी हिरवा होतो. पिवळ्यात रॉ सिएना, म्हणजे मातकट पिवळा, आणि अगदी थोडा जांभळा. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर इंटरमिजिएटला माझी सूर्यफुलं आजारी दिसली नसती.

आता एकोणीस माणसं म्हटलं, तर पहिली तक्रार तीच. प्रवेश घेताना बॅच बाराची सांगितली होती. एकोणीस झाले. स्टुडिओत एकोणीस इझल लागले की मागच्या ओळीला सर पोचेपर्यंत रंग वाळत नाही हे खरं, ऑइल आहे, पण माणूस वाळतो. दुसरी तक्रार टर्पेंटाइनच्या वासाची. स्टुडिओला एकच खिडकी, माझं डोकं दुखायचं, अजून दोघींना खोकला. तीनदा सांगितल्यावर बिनवासाचं थिनर आणलं आणि एक्झॉस्ट फॅन बसवला, पण त्यात जुलै उजाडला. बिनवासाचं असलं तरी वाफ असतेच, त्यामुळे फॅन लागतोच, हे नवीन बॅचने पहिल्या दिवशीच बघून घ्यावं. एका बाबतीत मात्र सर पहिल्या दिवसापासून कडक होते आणि ते फार बरोबर आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डस्टबिनमधे टाकायची नाहीत, ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाणी भरलेला झाकणाचा डबा ठेवलाय त्यासाठी. मी घरी पण तसाच डबा केलाय.

कास. यासाठीच बहुतेक जण येतात म्हणून जरा सविस्तर. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ मधे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या त्यातलं हे एक, फुलणाऱ्या वनस्पतींच्या ८५० च्या वर जाती सांगतात. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यावर हे सगळं. सर तिथे इझल लावू देत नाहीत, टर्पेंटाइन तर पठारावर न्यायचंच नाही. पायवाट सोडायची नाही, वहीत पेन्सिलने आकार आणि बाजूला रंगाची नोंद, उदाहरणार्थ "सोनकी, आभाळापेक्षा उजळ, कडेला हिरवट", एवढंच. ऑइल सगळं नंतर होमस्टेच्या पडवीत बसून. काही जण नाराज झाले की एवढं लांब येऊन पठारावर पेंटिंग नाही, फोटोत बसत नाही ना ते. मला हे शंभर टक्के पटलं. तुडवलेली फुलं आम्ही डोळ्यांनी बघितली, सेल्फीसाठी लोक आत जाऊन बसतात, तिथे एकोणीस इझलचे सत्तावन्न पाय रोवायचे म्हणजे काय.

आणि नोंदी करूनच जास्त शिकायला झालं. धुकं येत होतं जात होतं, ऊन नव्हतंच, आणि मला वाटलं रंग फिके मिळणार, तर उलट. ढगाळ उजेडात कडक सावल्या नसतात, फुलांवर चकाकी नसते, त्यामुळे सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी पूर्ण भरलेला दिसतो. दहा मिनिटं ऊन पडलं तेव्हा तोच पिवळा पांढुरका झाला. पाणी साचलेल्या उथळ जागी सीतेची आसवं, निळसर जांभळी, इतकी नाजूक आणि कीटक खाणारी वनस्पती आहे ती, मधे गेंदाची पांढरी फुलं ठिपक्यांसारखी. हे सगळं फूल फूल करून काढायला गेलात की संपलं. सरांची पद्धत अशी, कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात देऊन वाळवून आणलेला असतो, म्हणजे हिरव्याच्या मधून कुठेकुठे तो गरम तांबूस डोकावतो आणि जांभ्याचा भास आपोआप होतो. त्यावर डोळे बारीक करून फक्त मोठे आकार, आभाळ, धुकं, पठाराची पट्टी, पिवळ्याचा पट्टा, गुलाबीचा पट्टा, सगळं थिनर घालून पातळ. तेल वरच्या थरातच, कारण खाली तेलकट आणि वर पातळ केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. फुलं शेवटच्या वीस मिनिटांत, पॅलेट नाइफने किंवा भरलेल्या फ्लॅट ब्रशने, आणि दर फटक्याला ब्रश पुसायचा नाहीतर दोन मिनिटांत चिखल. लांबची फुलं म्हणजे नुसता रंग, फक्त पायाजवळची सहा-सात फुलं फुलांसारखी. माझ्या चित्रात ती पाच आहेत. बघणाऱ्यांना सगळं पठार फुलांनी भरलेलं दिसतं.

आणि तेच चित्र परत येताना खराब झालं. ओले कॅनव्हास टेम्पो ट्रॅव्हलरमधे मधे वर्तमानपत्र घालून रचले होते. ऑइल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात, भाद्रपदाच्या दमट हवेत तर फारच, माझं तीन आठवड्यांनंतरही बोटाला चिकटत होतं. तर घाटात गाडी वळली, गठ्ठा सरकला आणि तेरड्याचा अख्खा पट्टा वर्तमानपत्रावर. मी फार दुखावले होते, आणि क्लासकडून तेव्हा "परत करता येईल" एवढंच उत्तर आलं. इतकी वर्षं ओली चित्रं घेऊन फिरणाऱ्या माणसांकडे एक खाचांची पेटी असू नये? मी नंतर ओळखीच्या सुताराकडून प्लायवूडची करून घेतली, आत दोन-दोन बोटांवर खाचा, १२ बाय १६ इंची चार कॅनव्हास एकमेकांना न लागता उभे राहतात, वर चामड्याचा पट्टा. डिसेंबरच्या ट्रिपला सरांनी ती बघितली आणि तशा पाच करायला दिल्या, हे पण सांगायलाच हवं.

किटबद्दल. ब्रश उत्तम, ताठ केसांचे फिल्बर्ट (गोलसर टोकाचे) आणि फ्लॅट, अजून एकाचाही केस गेला नाही. कॅनव्हास बरा. पण रंगांमधला गुलाबी घेऊ नका. ट्यूबवर पिगमेंटचा, म्हणजे आत कुठलं रंगद्रव्य आहे त्याचा, नंबरच नाही. मी एका कागदावर सगळ्या रंगांच्या पट्ट्या ओढून अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून खिडकीत लावला होता, आठ महिन्यांनी काळा कागद काढला तर बाकीचे ठीक आणि गुलाबीचा उघडा अर्धा स्पष्ट फिका. तेरडा काढणाऱ्याने आणि ताम्हण काढणाऱ्याने हे लक्षात ठेवा, ट्यूबवर पीआर १२२ किंवा पीव्ही १९ लिहिलेलं बघून वेगळी घ्या, महाग पडते पण टिकते. किट न घेता स्वतःचे रंग आणले तर चालतं, हे विचारल्यावरच सांगतात.

पावसाळ्यात चित्रं ठेवायची कशी हे पण शिकवायला हवं होतं. मी पळसाचं चित्र कपाटात ठेवलं, ऑगस्टमधे काढलं तर मागे बुरशी आणि पुढे पांढरा पिवळट झालेला. सर म्हणाले घाबरू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, थोडे दिवस उजेडात ठेवा. खिडकीशी ठेवलं, पंधरा दिवसांत बरंच निवळलं. बुरशी कोरड्या ब्रशने काढली आणि आता चित्रं भिंतीपासून थोडी सुटी टांगते. व्हार्निशला अजून घाई नाही, पातळ थराला सुद्धा सहा महिने थांबायचं म्हणतात.

डिसेंबर सगळ्यात शांत गेला. पुरंदरकडे शेवंतीचं शेत, सकाळचं धुकं, मालकांनी बांधावर बसू दिलं आणि त्यांच्या आईंनी चहा आणला, आणि विचारलं की फुलं तोडायला आलात का काढायला. थंडीत सूर्य खाली असतो म्हणून सावल्या लांब आणि निळ्या, वाफे लांब जातील तसा पिवळा करडा होत जातो, शेवटचा वाफा आणि धुकं यात फरक उरत नाही. तिथे मला पहिल्यांदा कुणी काही सांगावं लागलं नाही. हिरवा कुठला घ्यायचा ते हाताला कळलं. सर मागे येऊन उभे राहिले, काही न बोलता पुढे गेले. ते चित्र आता माझ्या बहिणीकडे हॉलमधे आहे, आमच्या आईच्या अंबाड्यात कायम शेवंती असायची म्हणून तिने मागून घेतलं.

शिकवण्यासाठी पाचपैकी पाच, व्यवस्थेसाठी अडीच. जाणार असाल तर बॅच कितीची आहे ते लेखी विचारा, मागची ओळ घेऊ नका, गुलाबी ट्यूब आणि ओल्या चित्रांची पेटी स्वतःची न्या, आणि कासला रेनकोट न्या, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही. जुन्या विद्यार्थ्यांना नुसती एखादी ट्रिप करता येते का विचारलं होतं, हो म्हणालेत. मी मार्चच्या पळसाचे पैसे भरलेत.