पोळी-भाजीच्या पाटीला बालू की मुक्ता?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या मैत्रिणीच्या पोळी-भाजी केंद्राची पाटी करताना या दोन फॉन्टांत अडकलो. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, दोन्ही मोफत.

बालू गुबगुबीत. टोकं गोल, शिरोरेषा जाड, अक्षर पोटभर जेवून बसल्यासारखं. (बंगालीत तो ‘बालू दा’, गुरमुखीत ‘बालू पाजी’, मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’, म्हणजे सगळीकडे दादाच. नाव ठेवणाऱ्याला दाद!) गोखले रोडवरून रिक्षातून जाणाऱ्याला ‘पुरणपोळी’ एका नजरेत दिसते. ॲक्रिलिकची अक्षरं कापायची तर आणखी सोय: राउटरचं (कापायच्या यंत्राचं) पातं गोल फिरतं, त्यामुळे आतले कोपरे थोडे गोलच निघतात. बालूत ते खटकत नाहीत. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, अनुस्वाराचे ठिपके तेवढे सुटे चिकटवायचे.

पण मी हौसेने मेन्यूही त्याच जाड बालूत लावला. बारीक छपाईत ‘मिष्टान्न’मधल्या पोकळ्या बुजल्या. “अरे, हे काळं काळं काय झालंय?” मैत्रीण म्हणाली. शिवाय ‘श्राद्धाचा स्वयंपाक करून मिळेल’ ही ओळ बालूत वाढदिवसाच्या आमंत्रणासारखी वाटते.

मुक्ता सरळ, शांत. तिची 7 वजनं (बारीक ते जाड असे प्रकार), बालूच्या नव्या आवृत्तीची, ‘बालू 2’ची, 5. दराच्या यादीला, सूचनांना, बिलाला तीच. लांबून मात्र ती बँकेच्या पाटीसारखी दिसते, भूक लागत नाही.

पाटी बालू एक्स्ट्राबोल्डमध्ये गेली. मेन्यू आणि श्राद्धाची ओळ मुक्तात.