कोर्ट नाक्याचं टायपिंगचं दुकान, वनहक्काच्या अपिलासाठी गेलो होतो

पाचपैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते खाली लिहितो.

ठाण्यात कोर्ट नाक्यावर कलेक्टर ऑफिसच्या आजूबाजूला टायपिंग-झेरॉक्सवाले भरपूर आहेत, हे दुकान आतल्या गल्लीत आहे, बोर्ड पुसट झालाय, लांबून फक्त ॲफिडेविट एवढंच वाचता येतं. एक ताई चालवतात. मी तिसऱ्यांदा जाऊन आलो आणि आता लिहायलाच पाहिजे असं वाटलं, कारण आमच्यासारखे किती जण शहापूर-मुरबाडवरून भाडं खर्चून येतात आणि चुकीच्या कागदावर पैसे घालून परत जातात.

आम्ही ठाकर आदिवासी. गाव शहापूर तालुक्यात, मी नोकरीसाठी कळव्याला राहतो, आईबाबा पाड्यावरच. आजोबांपासून वनातला प्लॉट कसतोय, वर नाचणी-वरई, खालच्या अंगाला थोडा भात. वैयक्तिक वनहक्काचा दावा, म्हणजे कसतोय त्या वनजमिनीवरचा आपला हक्क मान्य करा असा अर्ज, टाकला होता तो नामंजूर झाल्याचं पत्र आलं, कारणं दोनच, सॅटेलाइट फोटोत शेती दिसत नाही आणि 75 वर्षांचा पुरावा जोडलेला नाही. बाबा ते पत्र घेऊन दोन दिवस गप्प होते.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो. त्याने मेहेरबान साहेबांच्या सेवेशी, आम्ही गरीब आदिवासी असून आमच्यावर दया करावी, असा अर्ज टाइप करून दिला आणि 150 रुपये घेतले. तोच कागद घेऊन या ताईंकडे फक्त झेरॉक्स काढायला गेलो होतो. त्यांनी मशीनवर ठेवायच्या आधी वाचला आणि म्हणाल्या, बाबा, हा कागद देऊ नका. मग ड्रॉवरमधून कायद्याचं मराठी पुस्तक काढलं, पानांना घडी पडून पडून मऊ झालेलं, आणि बाबांना नुसतं कायद्याचं नाव वाचायला लावलं. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी वनहक्कांची मान्यता अधिनियम, 2006. मान्यता शब्दावर बोट ठेवलं. सरकार तुम्हाला जमीन देत नाहीये, जो हक्क तुमचा आधीपासून होता तो मान्य करतंय, तुमच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला असं कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय, मग दया कशाची मागताय? बाबा चौथी शिकलेत, ती ओळ त्यांनी सावकाश परत वाचली. मला अजून ते डोळ्यासमोर आहे.

मग पत्रातलं एकेक कारण घेतलं. तीन पिढ्यांची म्हणजे 75 वर्षांची अट ही बिगर आदिवासी वननिवासींसाठी आहे, अनुसूचित जमातीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा आणि कसणूक दाखवायची असते एवढंच. आणि सॅटेलाइट फोटो बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्याच्या जागी नाही चालत, 2012 ला नियमात दुरुस्ती झाली त्यात स्पष्ट आहे. दोन पुरावे लागतात, त्यात गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाबसुद्धा धरतात. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं! बाबांच्या पेटीत वनखात्याच्या दंडाची जुनी पावती निघाली, आजोबांच्या नावाची. लाज वाटते म्हणून ती आजपर्यंत कोणाला दाखवली नव्हती. ताई म्हणाल्या हाच तर पुरावा, अतिक्रमण केलं म्हणून दंड घेतला म्हणजे माणूस तिथे होता हे त्यांनीच लिहून दिलंय.

अजून एक, दाव्यात आईचं नाव नव्हतं. पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने मिळतो असं कायद्यातच आहे. आई तोपर्यंत बाकावर कोपऱ्यात बसून होती, ताईंनी तिलाच विचारलं की मावशी तुमचं नाव आधारवर कसं आहे आणि तसंच्या तसं टाकलं.

अपील कुठे करायचं हेही त्यांच्याकडूनच कळलं. वनहक्काचे दावे ठरवणाऱ्या जिल्हा समितीने नाकारलं की संपलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा, अधिकार वापरून मे 2020 मध्ये बदल केला, आता अनुसूचित क्षेत्रात विभागीय समितीकडे जाता येतं, आपल्याला म्हणजे बेलापूरला कोकण भवन. शहापूर अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यात, येतो म्हणून आम्हाला ही वाट आहे. ठाण्यावरून पनवेल लोकल पकडली, बाबा पहिल्यांदाच त्या लाइनने गेले, पोच शिक्क्यासकट मिळाली. निकाल अजून यायचाय.

आता अर्धा स्टार. प्रिंटर एकच, बाक एकच, म्हातारी माणसं उभी राहतात. दुपारी एक ते अडीच बंद, शहापूरवरून येणाऱ्याची तीच वेळ असते. आमचा कंपार्टमेंट नंबर, म्हणजे वनखात्याचा जंगलाच्या तुकड्याचा नंबर, चुकीचा टाइप झाला होता, मी घरी येऊन बघितला म्हणून कळलं, दुसऱ्या दिवशी फुकट दुरुस्त करून दिला पण माझी अर्धी रजा गेली. नकाशाचं काम त्या करत नाहीत. टायपिंग पानाला 30, झेरॉक्स 2 रुपये, समजावून सांगायचे पैसे घेत नाहीत.

भिंतीवर कागदावर हाताने लिहिलंय, दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गडचिरोलीच्या मेंढा गावची घोषणा आहे ही, त्या गावाला 2009 ला सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळाला आणि बांबू विकायचा की नाही हे ग्रामसभा ठरवायला लागली. बाबांनी विचारलं हे आमच्याकडे होईल का. ताईंनी पेसाचा कायदा काढला, 1996 चा. त्यात गाव म्हणजे महसुली गावच असं नाही, वस्ती किंवा पाडासुद्धा गाव होऊ शकतो, आपल्या राज्याचे नियम 2014 ला आले, पाड्याने आपला ठराव करून सुरुवात करायची. आमची ग्रामपंचायत पाच पाड्यांची, सभा कायम खालच्या गावात होते, आमच्या बायका कामावरून येईपर्यंत ठराव झालेला असतो. भातसा आणि तानसा आमच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात पाड्यावर टँकर येतो, हे कुठल्या सभेत आम्हाला विचारून ठरलं? मला खूप राग येतो याचा. पेसात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते, पण सभाच आमची नसेल तर विचारणार कोणाला.

बाबांनी ठरावाच्या मसुद्याची प्रत घेतली, 12 रुपये झाले. पाड्यावर आता दर रविवारी संध्याकाळी वाचन चालू आहे, आई वाचायला सांगते आणि माझी बहीण वाचते. पुढच्या महिन्यात सामूहिक वनहक्काचा दावा भरायला परत जायचंय, यावेळी पाड्यावरून सहा जण येणार आहेत त्यात तीन बायका.

जाणार असाल तर अकराच्या आत पोचा, नामंजुरीचं पत्र ओरिजिनल न्या, तारीख बघून ठेवा कारण अपिलाला मुदत असते, आणि घरातले जुने कागद, दंडाच्या पावत्यासुद्धा, काहीही मागे ठेवू नका.