स्विफ्टला १४ ची चाकं की १५ ची?

स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४ टायर येतात (रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) नि वरच्याला १८५/६५ आर१५, माझ्याकडे १५ वाली आहे, भावाकडे १४ वाली, दोन्ही गुहागर-चिपळूण रोडला भरपूर चालवल्यात. लोकांना वाटतं छोट्या चाकावर गाडी बुटकी होते, तसं काही नाही, हिशोब करून बघा, टायरची पूर्ण उंची ६२० आणि ६२१.५ मिमी, स्पीडोमीटरलाही फरक कळत नाही. खरा फरक साइडवॉलचा, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या टायरच्या बाजूच्या उंचीचा, १३२ आणि १२० मिमी. ऐकायला १२ मिमी म्हणजे काहीच नाही पण आमच्या वाडीच्या जांभ्याच्या रस्त्यावर कंबरेला बरोब्बर कळतं. गेल्या पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, टायर रिमपर्यंत दाबला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साइडवॉलला लिंबाएवढा फुगा, टायर गेला कामातून.

कुंभार्ली घाटात मात्र १५ च उजवी, वळणावर गाडी डोलत नाही. साचलेल्या पाण्यात परत उलटं, अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद लवकर तरंगतो.

मी आता १४ वर येतोय पण १८५/७० आर१४ घालून, उंची ६१५ च्या आसपास, साइडवॉल जवळजवळ १३० आणि रुंदी आहे तीच. रिम विकत घेण्याआधी पुढच्या चाकाला लावून हाताने फिरवून बघाच, ब्रेकच्या कॅलिपरला घासता कामा नये, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आधीपेक्षा कमी अजिबात नको.